गणपतीला गाडीने गावी निघताय? अ‍ॅव्हरेजची तयारी आठवडाभर आधी

पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरायचं असेल तर गाडीकडे आठवडाभर आधी बघा. शेवटच्या दोन दिवसांत गॅरेजमध्ये नंबर लागत नाही, आणि लागलाच तर काम उरकून टाकलेलं असतं. पण पहिलं काम गॅरेजचं नाही, पंपावरचं आहे. टाकी फुल्ल करा, नोझल आपोआप बंद झालं की थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. पंपावरचा मुलगा 'राउंड फिगर करू का?' विचारेल, त्याला नाही म्हणा. वर ठासून भरलेलं पेट्रोल वाफ धरून ठेवणाऱ्या कॅनिस्टरमध्ये जाऊ शकतं. नेहमीसारखी गाडी चालवून काही दिवसांनी त्याच पंपावर पुन्हा तसंच भरा. चाललेले किलोमीटर भागिले लागलेले लिटर, हे तुमचं खरं अ‍ॅव्हरेज. डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक गाड्यांत थोडा खुशीतच असतो. जाहिरातीतल्या आकड्याशी तर तुलनाच नको. त्या आकड्याची चाचणी रोलरवर होते, एसी बंद ठेवून, आणि त्यातला कमाल वेग ताशी 90 किलोमीटर असतो. त्यात ना वरंध ना ताम्हिणी, ना मागच्या सीटवर मखराचं सामान.

आकडा पूर्वीपेक्षा कमी आला तर सगळा दोष गाडीला देऊ नका. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर थोडी घट येणारच. जुन्या गाड्यांत ती 3 ते 6 टक्के असू शकते, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच 2025 मध्ये सांगितलं होतं. त्याहून जास्त पडलं असेल तरच कारण शोधायला लागा.

गॅरेजमध्ये गेलात तर यादी छोटी ठेवा. ऑइल बदलायचं असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. 'गाडी जुनी झाली, जाड टाकू' हा सल्ला आपल्याकडे फार उदारपणे मिळतो, आणि जिथे पातळ 0डब्ल्यू-20 हवं तिथे जाड 20डब्ल्यू-50 पडतं. जाड ऑइल ढवळायलाही पेट्रोलच लागतं. एअर फिल्टर काढून उजेडात धरा, काळा पडला असेल तर बदला. पण इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल मोजून सोडतो अशा, पेट्रोल गाडीत त्याने अ‍ॅव्हरेज फारसं वाढत नाही, पिकअप सुधारतो. कार्ब्युरेटरच्या जमान्यातला अनुभव इथे लागू पडत नाही. चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल तर मात्र पुढे ढकलू नका. ऑक्सिजन सेन्सर बिघडला की इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओढत राहतं. अ‍ॅव्हरेज वाढवतो म्हणून विकल्या जाणाऱ्या, टाकीत ओतायच्या बाटल्या आणि पाइपला बांधायचे लोहचुंबक यांवर एक रुपयाही घालवू नका.

एक गोष्ट गॅरेजवाला विचारल्याशिवाय बघत नाही, ती म्हणजे चाक धरतंय का. पावसाळ्यात गाडी हँडब्रेक लावून चार दिवस उभी राहिली की मागच्या ब्रेकच्या ड्रमला आतले लायनर (घासून चाक थांबवणारे पट्टे) चिकटतात, आणि सुटले तरी कधी कधी किंचित घासत राहतात. मोकळ्या रस्त्यावर दहाएक किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा, सपाट जागी थांबा आणि प्रत्येक रिमजवळ तळहात न्या. टेकवू नका, नुसता जवळ न्या. एकाच चाकाची धग इतरांपेक्षा स्पष्ट जास्त जाणवली तर तिथे ब्रेक धरतोय. असं चाक पेट्रोल तर खातंच, शिवाय घाट उतरताना तापून ब्रेकही कमजोर करतं.

आता हवा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो, काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर बहुधा दोन रकाने असतात: एक दोन-तीन माणसांसाठी, दुसरा भरलेल्या गाडीसाठी. गावी जाताना दुसरा रकाना तुमचा, आणि त्यात मागच्या चाकांचा आकडा बऱ्याचदा जास्त असतो. हवावाला सवयीने चारही चाकांत तीसच मारून मोकळा होतो, म्हणून आकडा तोंडाने सांगा आणि मशिनकडे बघत उभे राहा. हवा टायर थंड असताना भरायची, म्हणजे घराजवळच्या पंपावर, सकाळी. चालून तापलेला टायर तीन-चार पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) जास्त दाखवतो आणि आपण फसतो. चारही चाकांत एकेक पीएसआय कमी झाला की इंधन साधारण 0.2 टक्के जास्त लागतं. आकडा किरकोळ वाटतो, पण महिनोन्महिने हवा न बघितलेल्या गाडीत आठ-दहा पीएसआय सहज कमी सापडतात. अ‍ॅव्हरेजच्या लोभाने स्टिकरपेक्षा जास्तही भरू नका, ओल्या घाटात पकड कमी होते. स्टेपनी विसरू नका.

सामान आदल्या रात्री काढून ठेवा आणि मग त्यातलं थोडं परत कपाटात ठेवा. साधारण 45 किलो वजनामागे एक टक्का पेट्रोल जातं, छोट्या गाडीत जरा जास्तच. डिकीत वर्षभर फिरणाऱ्या पाण्याच्या बाटल्या, जुनी बॅट, न वापरलेलं सीटकव्हर आधी उतरवा. खरा चोर मात्र टपावर असतो. टपावरच्या मोठ्या पेटीमुळे हायवेवर अ‍ॅव्हरेज 6 ते 17 टक्के घटतं, असं अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे सांगतात. तेव्हा जे डिकीत मावतं ते टपावर बांधू नका.

निघायच्या सकाळी इंजिन दहा मिनिटं घुरघुरत ठेवायची गरज नाही. चालू करा, निघा, पहिले काही किलोमीटर रेस कमी द्या. ताम्हिणी चढताना वरच्या गिअरमध्ये गाडी गुदमरवू नका, आणि कोंडीत चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलू नका, हँडब्रेक त्यासाठीच आहे.

उतारावर न्यूट्रल टाकणारे अजूनही भेटतात. इंजेक्शनच्या गाडीत हा हिशोब उलटा आहे. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजेक्टर पेट्रोल बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल लागतंच. वर इंजिनचा ब्रेक मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर. चावी फिरवून इंजिनच बंद करणाऱ्याचा ब्रेक दोन-तीन दाबांत दगडासारखा होतो आणि स्टिअरिंगही जड होतं. ज्या गिअरमध्ये चढाल, साधारण त्यातच उतरा.

माणगावला कोंडी लागली की इंजिन बंद करा. छोटं पेट्रोल इंजिन नुसतं उभं राहून तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं, एसी लावला तर आणखी. पावसात काचेवर वाफ धरली तर एसी लावावाच लागेल, तिथे काटकसर नको. पुढे रस्ता मोकळा झाला की पाय आवरा. वेग 80 वरून 100 वर नेला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि शंभर किलोमीटरमागे वाचतात पंधरा मिनिटं. तेवढा वेळ तर चहाच्या टपरीवर मुलांना गाडीत परत बसवण्यात जातो.

गावी पोचल्यावर गाडी अंगणात पाच-सात दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागा बघा, पहिला गिअर टाका, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. गौरीगणपतीच्या पावसात लायनर चिकटतात ते इथेच. पुण्यात परतल्यावर टपावरचं कॅरिअर त्याच आठवड्यात उतरवा आणि हवा पहिल्या रकान्यावर आणा.