घरात एकच गाण्यांचा साठा, कॉम्प्युटर चार: या चुका टाळा

बेळगावात शहापूर-वडगावच्या जुन्या घरात असो, खानापूरकडच्या वाड्यात असो की टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये, आपल्याकडच्या गाणंवेड्या घरातली हार्ड डिस्क उघडली की साधारण तेच सापडतं. नाट्यपदं, अभंग, आजोबांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या मैफली, शेजारीच कन्नड दासपदं आणि वचनं, आणि मुलांची हिंदी गाणी. हे सगळं एका ठिकाणी ठेवून घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर ऐकता यावं, ही इच्छा अगदी रास्त आहे. ती पूर्ण करायला खर्चही फारसा येत नाही. फक्त सुरुवातीलाच एक मोठी चूक होते, आणि पुढचा निम्मा मनस्ताप तिच्यातून येतो.

ती चूक म्हणजे गाण्यांबरोबर गाण्यांची यादीही सगळ्यांत मिळून एकच ठेवणे. गाण्याच्या फाइली वेगळ्या आणि आयट्यून्ससारखा प्रोग्राम त्यांची जी नोंदवही ठेवतो ती वेगळी. फाइली चार जणांनी एकाच वेळी वाचल्या तरी काही बिघडत नाही. नोंदवहीत मात्र प्रत्येक कॉम्प्युटर सतत लिहीत असतो: कुठलं गाणं किती वेळा वाजलं, कुठल्या प्लेलिस्टमध्ये गेलं. ही नोंदवही शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून दोन कॉम्प्युटरवर उघडली की एक तर दुसरा प्रोग्राम ती फाइल वापरात आहे म्हणून अडून बसतो, नाहीतर नोंदवहीच खराब होते आणि जमवलेल्या प्लेलिस्ट जातात. म्हणून गाण्यांचं फोल्डर एक ठेवा, नोंदवही प्रत्येक कॉम्प्युटरची त्याच्या स्वतःच्या डिस्कवर राहू द्या.

आयट्यून्सच वापरायचं असेल तर त्यातलं होम शेअरिंग त्यासाठीच आहे. सगळीकडे एकच ॲपल आयडी हवा, पाचपर्यंत कॉम्प्युटर चालतात, पण मूळ कॉम्प्युटर चालू आणि त्यावर आयट्यून्स उघडं असावं लागतं. माझं मत विचाराल तर कपाटावर पडलेला जुना डेस्कटॉप खाली काढा आणि त्यावर नॅव्हिड्रोम किंवा जेलीफिन हा घरभर गाणी पुरवणारा प्रोग्राम टाका. दोन्ही फुकट आहेत. नोंदवही एकाच जागी राहते आणि बाकीचे सगळे ब्राउझरमधून किंवा मोबाइलवरून ऐकतात. त्या डेस्कटॉपचं स्लीप तेवढं बंद करा, नाहीतर तो झोपला की सगळ्या घराची गाणी थांबतात.

याच्या खालोखाल नुकसान करणारी गोष्ट म्हणजे फाइली आपोआप नीट लावून ठेवण्याचा पर्याय. एखाद्या कॉम्प्युटरवर तो चालू राहिला आणि कुणी गायकाचं नाव दुरुस्त केलं, की प्रोग्राम ती फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवतो. बाकीच्या कॉम्प्युटरवर त्या गाण्यापुढे उद्गारचिन्ह येतं आणि गाणं वाजत नाही. घरात एकालाच लिहिण्याची परवानगी द्या, बाकीच्यांना फक्त वाचण्याची.

फोल्डर दिसतच नाही

ही तक्रार सगळ्यात जास्त, आणि कारण बहुधा राउटरचं. फायबरवाल्याने बसवलेला एक राउटर असतो, आणि वरच्या मजल्यावर रेंज येत नाही म्हणून आपण दुसरा लावतो. दोघांनी आपापलं वेगळं नेटवर्क मांडलेलं असतं. कॉम्प्युटरचे नेटवर्कवरचे पत्ते (आयपी ॲड्रेस) तपासा. एका कॉम्प्युटरचा १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर ते एकाच घरात असूनही एकमेकांना शेजारी मानत नाहीत. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न मांडता पहिल्याचंच पुढे नेतो. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवरूनही घरातलं फोल्डर बहुतेक वेळा दिसत नाही.

पत्ते बरोबर असतील तर विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ आहे का बघा, ते ‘प्रायव्हेट’ करा. फोल्डर दिसतं पण उघडत नाही, असं असेल तर पासवर्डकडे वळा. पिन टाकून कॉम्प्युटर उघडतो, पण शेअरसाठी पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज नेटवर्कवरून आत सोडत नाही.

जुन्या राउटरला मागे पेन ड्राइव्ह लावून काम भागवणाऱ्यांना एसएमबी१ ही फोल्डर शेअर करण्याची जुनी पद्धत सुरू करा असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या हल्ल्याने याच जुन्या पद्धतीतली भोकं वापरली, आणि त्याच वर्षापासून विंडोज १० मध्ये ती आपोआप बसवणं बंद होत गेलं.

काल चालत होतं, आज नाही? मध्ये लाईट जाऊन आली असेल. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर त्याने डेस्कटॉपला नवा पत्ता दिलेला असू शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये त्या कॉम्प्युटरसाठी एक पत्ता राखून ठेवा, म्हणजे १९२.१६८.१.१०:४५३३ असा ब्राउझरमध्ये जपून ठेवलेला नॅव्हिड्रोमचा पत्ता पावसाळाभर तोच राहील.

गाणं अडखळत असेल तर इंटरनेटचा प्लॅन वाढवू नका. घरातल्या घरात वाजणाऱ्या गाण्याचा त्याच्याशी संबंध नाही. सीडीच्या दर्जाच्या आवाजालाही सेकंदाला १४११ किलोबिट पुरतात, म्हणजे दीड मेगाबिटही नाही. अडतं ते वायफाय, जाड दगडी भिंतींमुळे. साठ्याचा कॉम्प्युटर तरी राउटरला केबलने जोडा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

एकच गायक, पाच नावं

सगळ्यात जास्त वेळ खाणारं आणि सगळ्यात कमी लक्ष दिलं जाणारं काम म्हणजे नावांचं. हे प्रोग्राम फोल्डरच्या नावापेक्षा फाइलीच्या आतला टॅग, म्हणजे गाण्या-गायकाच्या नावाची नोंद, वाचतात. कुमार गंधर्व १९२४ साली आपल्या सुळेभावीत जन्मले, त्यांची गाणी इथे कुठल्या रसिकाकडे नसतील? पण टॅगमध्ये ते ‘कुमार गंधर्व’, ‘कुमार गन्धर्व’, ‘पं. कुमार गंधर्व’, ‘कुमारगंधर्व’ आणि शिवाय रोमन लिपीत असे पाच जण होऊन बसतात. भीमसेन जोशींचे मराठी अभंग एका नावाखाली आणि कन्नड दासपदं दुसऱ्या लिपीतल्या नावाखाली जातात. नाव एक ठरवा, एमपी३टॅग या टॅग बदलण्याच्या प्रोग्रामने सगळीकडे तेच भरा, आणि ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना रिकामा सोडू नका. तो रिकामा असला की अनेक गायकांच्या एका संग्रहाचे तुकडे तुकडे होतात.

मराठीची एक खास अडचण आहे. ‘वाऱ्यावरती’ मधला ‘ऱ्य’ दोन पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. त्यामुळे गाणं समोर असूनही शोधात सापडत नाही. सापडत नसलेल्या गाण्याच्या टॅगमधलं नाव, ज्या कीबोर्डवर शोधता त्याच कीबोर्डवर पुन्हा टाइप करून बघा. नुसतेच डबे किंवा प्रश्नचिन्हं दिसत असतील तर टॅग बहुधा आयडी३ या टॅग-पद्धतीच्या जुन्या आवृत्ती एकचा आहे. त्यात युनिकोड नाही, म्हणजे देवनागरीची सोय नाही, आणि नावाला तीसच अक्षरं. तो आवृत्ती २.३ मध्ये नव्याने भरा. प्लेलिस्ट एम३यू८ प्रकारात जपा, म्हणजे देवनागरी नावं शाबूत राहतात.

आणि शेअर केलं म्हणजे जपलं असं धरून चालू नका. फोल्डर एकच आहे, कुणी चुकून पुसलं की चारही कॉम्प्युटरवरून गेलं. बाहेरची डिस्क एक्सफॅटने फॉरमॅट केलेली असेल तर लिहिताना लाईट गेल्यावर तिच्यावरच्या फाइली खराब होण्याची भीती जास्त, म्हणून विंडोजसाठी एनटीएफएस बरं, आणि साठ्याच्या कॉम्प्युटरला यूपीएस हवाच. सिनेमाची गाणी पुन्हा मिळतील. आजोबांच्या कॅसेटवरची मैफल मिळणार नाही, आणि ती कॅसेट एव्हाना बुरशीने गेलेलीही असेल. त्या फोल्डरची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून निपाणी-कोल्हापूरकडच्या बहिणीच्या घरी ठेवा, आणि गणपतीला सगळे जमतात तेव्हा वर्षभरातली भर तिच्यावर टाकून परत पाठवा.