या चुका टाळा: संघ युरोपात, आपण घरात आणि सामना रात्री दीडला

चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेचा अटीतटीचा सामना लांबून बघणाऱ्याला खेळापेक्षा घड्याळंच जास्त छळतात. मैदानातलं एक, टीव्हीवरचं दुसरं, स्कोअरच्या अ‍ॅपचं तिसरं आणि लंडनमध्ये राहणाऱ्या मामेभावाच्या मेसेजचं चौथं. ही एकमेकांत मिसळली की जागून काढलेली रात्र वाया जाते. म्हणून सामन्यासाठी एकच घड्याळ धरा आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत त्याच्याशी इमान राखा. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका हे न केल्यामुळेच होतात.

वार आणि वेळ

युरोपातला बुधवारी रात्री ९ चा सामना आपल्याकडे गुरुवार उजाडल्यावर सुरू होतो. बुधवारी संध्याकाळी 'बुधवार, १.३०' असा गजर लावला, तर तो पुढच्या आठवड्यात वाजेल. इतकी साधी गोष्ट, पण सामने हुकतात ते यामुळेच.

दुसरा घोळ ऋतूचा. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. आपलं घड्याळ वर्षभर आहे तिथेच. त्यामुळे मार्चमधला शेवटच्या १६ संघांचा सामना रात्री दीडला असतो, तर एप्रिलमधला उपांत्यपूर्व साडेबाराला. मार्चच्या सवयीने दीडला उठणारा थेट उत्तरार्धालाच पोहोचतो. इंग्लंडमधल्या शनिवारी दुपारी ३ च्या सामन्यांचंही तसंच: थंडीत आपले साडेआठ, एरवी साडेसात.

हिशेब डोक्यात ठेवायची गरज नाही. फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करताना टाइम झोन माद्रिद किंवा लंडन निवडा आणि तिथलीच वेळ टाका. बाकीचं फोन बघून घेतो.

चित्र मागे, बातमी पुढे

सगळ्यांत जास्त मनस्ताप होतो तो इथे. तुमच्या पडद्यावर अजून कॉर्नर घेतला जातोय आणि शेजारच्या इमारतीतून आरोळी येते. झालं, गोल कळला. ही चूक कोणाची नाही, तंत्रच तसं आहे.

मैदानातलं चित्र इंटरनेटवरून येताना काही सेकंदांच्या तुकड्यांमध्ये कापलं जातं. हे तुकडे बऱ्याचदा ६ सेकंदांचे असतात आणि चित्र अडखळू नये म्हणून प्लेअर साधारण तीन तुकडे मागे राहून सुरुवात करतो. म्हणजे १८ सेकंद इथेच गेले. उपग्रहाचा प्रवास आणि सर्व्हरचा वेळ वेगळाच. डिश किंवा केबलवर हा उशीर बराच कमी असतो, स्कोअरच्या अ‍ॅपला तर चित्र पाठवायचंच नसतं. त्यामुळे तुमचाच फोन तुमच्या टीव्हीच्या आधी बोलतो.

म्हणून सामना सुरू होण्याआधी गोलच्या सूचना बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप म्यूट करून भागत नाही, कारण फोन हातात घेतला की वरचा मेसेज दिसतोच. फोन उलटा ठेवा किंवा दुसऱ्या खोलीत ठेवा. घरी डिशवर तो चॅनेल लागत असेल, तर अ‍ॅपपेक्षा तोच बरा.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. चित्र अडकून पुन्हा सुरू झालं की अनेकदा ते जिथे थांबलं तिथूनच पुढे चालतं, त्यामुळे प्रत्येक अडखळीनंतर तुम्ही आणखी मागे पडत जाता. 'लाइव्ह'चं बटण दाबा, ते नसेल तर अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा. नेट डळमळीत असेल तर चित्राचा दर्जा 'ऑटो'वर न ठेवता ४८० वर आणून ठेवा. थोडं धूसर पण सलग चित्र केव्हाही चांगलं.

पुण्यातला मित्र आणि नाशिकचे तुम्ही फोनवर बोलत बघणार असाल, तर पडद्याच्या कोपऱ्यातलं सामन्याचं घड्याळ जुळवून घ्या. ज्याचं पुढे असेल त्याने तेवढे सेकंद थांबवायचं. या एका गोष्टीने दोन शहरांतल्या माणसांना एकाच क्षणी ओरडता येतं.

आमच्या कोल्हापूरच्या फुटबॉलला मात्र हा नियम उलटा लागू करावा लागतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा बालगोपाल तालमीच्या संघाचा सामना असतो आणि पेठेतली पोरं नोकरीसाठी पुण्यात. यूट्यूबवरच्या प्रक्षेपणात कोपऱ्यात घड्याळ असेलच असं नाही आणि नेट गेलं की चित्र तिथेच गोठतं. अशा वेळी गॅलरीत बसलेल्या मित्राच्या फोनलाच आपलं घड्याळ माना. चित्र बाजूला ठेवा आणि त्याचा आवाज ऐका. पब्लिकचा गलका ऐकूनच बॉल कुठल्या बाजूला आहे ते कळतं.

गोल दिसला, म्हणजे गोल झाला असं नव्हे

फक्त आकड्यांवर सामना बघणाऱ्यांनी १७ एप्रिल २०१९ ची रात्र आठवावी. मँचेस्टर सिटी विरुद्ध टॉटनहॅम, भरपाई वेळेत (वाया गेलेल्या वेळेबद्दल ९० मिनिटांपुढे मिळणारी मिनिटं) स्टर्लिंगचा गोल, सिटी उपांत्य फेरीत. मग व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओवरून निर्णय तपासणाऱ्या पंचांनी पाहिलं, चाल सुरू असताना सिटीचा अग्वेरो ऑफसाइड होता. गोल रद्द, आणि पुढे गेला तो टॉटनहॅम. ज्यांच्या फोनवर आकडा आधी वाढला आणि मग कमी झाला, त्यांना वाटलं अ‍ॅपच बिघडलं. अ‍ॅप बरोबर होतं. मधल्या वर्तुळातून खेळ पुन्हा सुरू झाल्याचं दिसेपर्यंत आनंद आणि शोक दोन्ही राखून ठेवा.

अ‍ॅपवर ९०+५ दिसतंय आणि सामना संपत नाही, तरी घाबरू नका. पंच दाखवतात ती भरपाई वेळ किमान असते. नियमानुसार ती वाढवता येते, कमी करता येत नाही. ८ मे २०१९ ला आयाक्सविरुद्ध टॉटनहॅमच्या ल्युकास मौराचा निर्णायक गोल ९६ व्या मिनिटाचा म्हणून नोंदला गेला, जाहीर झालेली भरपाई वेळ होती ५ मिनिटांची.

जुनं गणित

दुसऱ्याच्या मैदानावरच्या गोलला जादा वजन देणारा नियम युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) २०२१-२२ च्या मोसमापासून काढून टाकला, तरी तो धरून 'आपण पुढे गेलो' म्हणणारे अजून भेटतात. दोन्ही लेगची (एक सामना आपल्या, एक दुसऱ्याच्या मैदानावर) बेरीज सारखी झाली की जादा वेळ, मग पेनल्टी. लीगच्या शेवटच्या दिवशी आधी त्या देशाचा नियम बघा. इंग्लंडमध्ये गुण सारखे झाले तर गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल): २०१२ मध्ये मँचेस्टरचे दोन्ही संघ, सिटी आणि युनायटेड, ८९ गुणांवर होते आणि सिटी +६४ विरुद्ध +५६ ने जिंकली. स्पेनमध्ये आधी आपसातले सामने बघतात. २००६-०७ मध्ये रियाल आणि बार्सिलोना ७६ वर बरोबरीत होते. गोलफरक बार्सिलोनाचा चांगला होता, तरी विजेतेपद रियालला मिळालं.

८९ व्या मिनिटाला झोपणं

हे करू नका. ४ मे २०२२, रियाल माद्रिद विरुद्ध सिटी. ८९ मिनिटं झाली तेव्हा दोन्ही लेग मिळून सिटी ५-३ ने पुढे. रोड्रिगोने ९० व्या मिनिटाला एक आणि पुढच्याच मिनिटाला दुसरा गोल केला, जादा वेळेत बेंझेमाने पेनल्टी मारली आणि रियाल अंतिम फेरीत. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्रीचे दोन वाजून गेले होते. सकाळी कामावर जायचंय म्हणून बरोबर त्या दोन मिनिटांआधी टीव्ही बंद केला, तर त्याची भरपाई कुठल्याही हायलाइट्समध्ये नाही. झोप हवी असेल तर ती सामन्याआधी काढा, नऊला आडवे व्हा. जागरणाचा अंदाज बांधताना जादा वेळ आणि पेनल्टी धरूनच बांधा: साडेबाराचा सामना सव्वातीनपर्यंत जाऊ शकतो.

वीज जाते त्या गावात एक तपासणी दिवसाच करून ठेवा. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे असतात, राऊटरचा प्लग बहुधा नसतो. तो त्या लाइनवर घ्या. टेलिग्रामवर फिरणाऱ्या फुकट लिंकच्या नादी लागू नका. त्या ऐन उत्तरार्धात बंद पडतात आणि फोनमध्ये काय घुसवतात ते कळत नाही.

'सकाळी बघीन'

हा पर्याय चांगला आहे, पण निकाल तीन वाटांनी फुटतो. पहिली वाट सूचनांची, ती वर आलीच. दुसरी, व्हिडिओच्या मुखपृष्ठावर कप उंचावलेला कर्णधार. तिसरी अनेकांच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे व्हिडिओची लांबी. बाद फेरीच्या सामन्याचं रेकॉर्डिंग नेहमीपेक्षा पाऊण तास मोठं दिसलं की जादा वेळ झाला हे कळतं आणि ९० मिनिटांतला जीव निघून जातो. घरातल्या कोणाला तरी रेकॉर्डिंग लावून पडदा पूर्ण करून द्यायला सांगा, आणि वेळेची पट्टी दिसू नये म्हणून रिमोटला हात लावू नका.