मंगळाचे फोटो घरबसल्या कसे बघायचे (आणि लगेच "जीव सापडला" का ओरडायचं नाही)

दुर्बीण बिर्बीण काही लागत नाही, मोबाइल चालतो, लॅपटॉप असेल तर मजा जास्त. नासाच्या साइटवर मंगळावर फिरणाऱ्या पर्सिव्हरन्स रोव्हरचे (म्हणजे यंत्रगाडीचे) कच्चे फोटो फुकट बघायला मिळतात. कॅमेऱ्याच्या फिल्टरमध्ये हॅझकॅम (वाटेतले अडथळे बघणारे कॅमेरे) सोडून द्या, नुसती चाकं आणि सावल्या. मास्टकॅम-झेड (खांबावरचा झूमवाला कॅमेरा) घ्या, आणि एखादा दगड आवडला की त्याच्या आसपासच्या सोलचे वॉटसन कॅमेऱ्याचे फोटो शोधा, सोल म्हणजे तिथला दिवस, आपल्यापेक्षा साधारण 40 मिनिटं मोठा, आणि वॉटसन रोव्हरच्या हाताच्या टोकाला असतो म्हणून अगदी जवळून दाखवतो.

रोव्हर फेब्रुवारी 2021 मध्ये जेझेरो विवरात उतरला, तिथे अब्जावधी वर्षांपूर्वी तळं होतं आणि नदी येऊन मिळायची, त्यामुळे आधी खारीच्या पापुद्र्यांसारखे थर शोधा. थर म्हणजे जीव नव्हे हं, गाळ साचला एवढंच, आणि कधीकधी तेही नाही.

डोळा बसवायला आपलं इंदूर बेस्ट. इथला दगड सगळा काळा, लाव्ह्याचा. भाचा जवळच्या पाताळपाणी धबधब्याहून आल्यावर एक तुकडा घेऊन नाचत होता, "मामा, फॉसिल!", कारण त्यात पांढरे ठिपके. व्हिनेगरचा थेंब टाकला तर दोन ठिपके फसफसले, बाकीचे ढिम्म, म्हणजे ती वेगवेगळी खनिजं. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकतात, मग त्या पोकळ्यांत पाण्यातून खनिजं भरतात, संपलं, जीवाचा संबंध नाही.

हेच डोक्यात ठेवून मंगळावरचा चेयावा फॉल्स नावाचा दगड बघा, जुलै 2024 चा. काळ्या कडेचे मिलिमीटरभर ठिपके, बिबट्याच्या अंगावर असतात तसे, कडेत लोह आणि फॉस्फेट. पृथ्वीवर असे ठिपके सूक्ष्मजीवांच्या आसपास होऊ शकतात, पण जीव नसतानाही होऊ शकतात, म्हणून सप्टेंबर 2025 च्या शोधनिबंधातही जीवाच्या खुणेला शब्द "संभाव्य" असाच आहे.

वहीत सोल नंबर, कॅमेरा आणि "अजून काय असू शकेल" हे तीन लिहा, तिसरं आळस न करता. आणि तोच दगड वेगळ्या वेळेच्या उजेडात शोधाच, कारण भाच्याला सापडलेलं "हाड" दुपारच्या फोटोत साधा धोंडा निघालं, वहीत त्याने ते खोडलंय पण पुढे "कदाचित" लिहून ठेवलंय.