ग्रब आणि कर्नलच्या बूट सेटिंगला हात लावण्याआधी

लिनक्स मशीन सुरू होताना ग्रब हा प्रोग्रॅम कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लोड करतो; इथली सेटिंग चुकली तर मशीन सुरूच होत नाही. म्हणून आधी परतीची वाट. लाइव्ह यूएसबी (जिच्यावरून थेट लिनक्स सुरू होतं ती पेनड्राइव्ह) नुसती बनवून ठेवू नका, त्याच मशीनवर एकदा बूट करून बघा. डिस्क लक्सने (लिनक्सची डिस्क-एन्क्रिप्शन पद्धत) एन्क्रिप्ट केलेली असेल तर पासफ्रेज हाताशी हवी. मशीन दूर असेल तर सिरियल किंवा आयपीएमआय कन्सोल (सिस्टिम सुरू नसतानाही दूरून मशीनची स्क्रीन दाखवणारी सोय) खरंच चालतोय याची खात्री करा. ग्रबच्या मेन्यूवर अडकलेल्या मशीनला एसएसएच (नेटवर्कवरून दूरचं लॉगिन) लागत नाही.

मग सद्यस्थिती टिपून घ्या: 'युनेम -आर', 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' आणि 'एलएसब्लॉक -एफ' यांचं आउटपुट (अनुक्रमे चालू कर्नल, त्याचे बूट पॅरामीटर आणि डिस्कची मांडणी) दुसऱ्या मशीनवर ठेवा. '/सिस/फर्मवेअर/ईएफआय' ही डिरेक्टरी दिसली तर बूट यूईएफआयने (जुन्या बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर) झालंय. '/बूट'वरची मोकळी जागा दाखवणारं 'डीएफ -एच /बूट' विसरू नका. तिथे जागा संपली की इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी तात्पुरती फाइलसिस्टिम) अर्धवट लिहिली जाते आणि पुढच्या बूटला कर्नलला रूट फाइलसिस्टिम सापडत नाही. एक जुना, चालता कर्नल मेन्यूत राहू द्या. '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' या ग्रबच्या सेटिंग फाइलची प्रत काढा.

त्या फाइलमधला पहिला बदल मेन्यू दिसण्यासाठीच करा: 'ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेन्यू' आणि 'ग्रब_टाइमआउट=१०'. डेबियन, उबुंटूवर तो लागू व्हायला 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा. लपलेला मेन्यू ऐन वेळी हाती लागत नाही.

नवा पॅरामीटर (बूट होताना कर्नलला दिलेली सूचना) थेट फाइलमध्ये लिहू नका. मेन्यूत 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो जोडा, 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' काढा म्हणजे संदेश दिसतील, आणि कंट्रोल-एक्स किंवा एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच टिकतो, म्हणून चाचणीची जागा हीच. स्पेलिंग चुकलं तर कर्नल सहसा थांबत नाही, पुढे जातो आणि पॅरामीटर लागू झाल्याचा भास होतो. '/प्रॉक/सीएमडीलाइन'मध्ये दिसणं म्हणजे लागू होणं नव्हे, 'डीमेसेज'मध्येही (कर्नलचे संदेश) शोधा.

चाचणी जमली की कायमचं करा. डेबियन, उबुंटूवर 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट'च्या अवतरणचिन्हांच्या आत लिहून 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा. 'ग्रब.सीएफजी' ही मेन्यूची तयार फाइल हाताने बदलण्यात अर्थ नाही, पुढच्या कर्नल अपडेटला ती नव्याने तयार होते. फेडोरावर 'ग्रबी --अपडेट-कर्नल=ऑल --आर्ग्ज="..."' सोपं पडतं, काढायला '--रिमूव्ह-आर्ग्ज'. तिथे ईएफआय विभाजनातल्या 'ग्रब.सीएफजी'वर 'ग्रब२-एमकेकॉन्फिग'चं आउटपुट अजिबात टाकू नका. ती छोटी फाइल फक्त '/बूट/ग्रब२'मधल्या खऱ्या फाइलकडे बोट दाखवते.

दूरच्या मशीनवर नवा कर्नल तपासायचा असेल तर 'ग्रब_डिफॉल्ट=सेव्हड' ठेवून 'अपडेट-ग्रब' चालवा, 'ग्रब-सेट-डिफॉल्ट'ने जुना कर्नल कायमची निवड म्हणून ठेवा, 'ग्रब-रिबूट'ने नवा एकाच खेपेसाठी निवडा आणि त्या नव्या कर्नलच्या पॅरामीटरमध्ये 'पॅनिक=३०' जोडा: पॅनिक (कर्नल सावरता न येणाऱ्या चुकीने थांबणं) झाल्यास ३० सेकंदांनी मशीन आपोआप जुन्या कर्नलवर येईल. मात्र '/बूट' एलव्हीएम किंवा बीटीआरएफएसवर (डिस्कच्या मांडणीचे प्रकार) असेल तर ग्रबला निवड साठवणाऱ्या 'ग्रबएन्व्ह' फाइलमध्ये लिहिता येत नाही, निवड पुसली जात नाही, आणि मशीन त्याच बिघडलेल्या कर्नलवर पुन्हा पुन्हा जातं. अशा मांडणीत कन्सोल नसेल तर हा प्रयोग करू नका.