दहावीची भौतिकशास्त्राची उजळणी: आधी भिंगं

विज्ञान १ ची उजळणी भिंगांपासून सुरू करा. इथे सूत्र पाठ असूनही चिन्हापायी गुण जातात. वस्तू भिंगाच्या डावीकडे ठेवायची, म्हणून वस्तूचं अंतर (यू) कायम ऋण. नाभीय अंतर (एफ) बहिर्गोल भिंगाचं धन, अंतर्गोलचं ऋण.

पुस्तक मिटून हे सोडवा: बहिर्गोल भिंग, एफ १० सेमी, वस्तू १५ सेमीवर; प्रतिमेचं अंतर (व्ही) काढा.

१/व्ही = १/एफ + १/यू = १/१० − १/१५ = १/३०

म्हणजे प्रतिमा ३० सेमीवर, विशालन ३०/(−१५) = −२: दुप्पट आणि उलटी. उत्तर ६ सेमी आलं, तर यूचं ऋण चिन्ह राहिलं. बहिर्गोल भिंगाची वास्तव प्रतिमा नाभीच्या आत पडूच शकत नाही, त्यामुळे चूक लगेच पकडता येते. किरणाकृतीही काढा, पट्टीनेच, बाणांसकट.

भिंगाची शक्ती (१/एफ) काढताना सेमीचे मीटर करा: १/०.१ = १० डायॉप्टर. सेमीतच १/१० करून उत्तर ०.१ लिहिणारे दरवर्षी भेटतात.

गुरुत्वाकर्षणात एकच खाच: वर फेकलेल्या दगडाचा वेग सर्वोच्च बिंदूला शून्य होतो, त्वरण नाही, ते ९.८ मी/से² खालच्या दिशेनेच असतं.