लग्नाच्या जुन्या कॅसेटी मोबाईलवर: पडून असलेल्या लॅपटॉपचा सर्व्हर करायचा कसा

माझं काम सोलापुरात लग्नाच्या शूटिंगचं. आता ड्रोन आलं, रील आलं, तरी दुकानात कुणी ना कुणी अजून पिशवी घेऊन येतंच. आत व्हीएचएस, मिनीडीव्ही, नाहीतर ओरखडे पडलेल्या डीव्हीडी. "अण्णा, हे मोबाईलवर बघता येईल का हो?" पेनड्राइव्हवर घालून दिलं तर पेनड्राइव्ह हरवतो, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर चित्राचा पार चिखल होतो. म्हणून हल्ली सरळ सांगतो, घरात जुना लॅपटॉप धूळ खात पडला असेल तर त्यालाच सर्व्हर करा, म्हणजे व्हिडिओ एका जागी ठेवून सगळ्यांना पुरवणारं यंत्र. मग घरातला प्रत्येकजण आपापल्या मोबाईलवर बघू दे. इंटरनेट बंद असलं तरी घरात हे चालतं, कारण व्हिडिओ लॅपटॉपवरून राउटरकडं आणि राउटरवरून मोबाईलकडं जातो. घराबाहेर जायचं त्याला कारणच नाही.

लॅपटॉप इंटेलच्या सहाव्या पिढीचा किंवा पुढचा असला तर उत्तम, साधा आय-थ्रीसुद्धा भरपूर झाला. त्याहून जुना असेल तरी फेकू नका, घरच्या व्हिडिओला पुरतो; फक्त पुढं सांगतोय तशा फायली आधी नीट करून घ्या. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण बंद केल्यावर 'डू नथिंग' करा आणि स्लीप 'नेव्हर'वर ठेवा, नाहीतर अर्ध्या तासानं सर्व्हर झोपणार आणि घरातले तुम्हाला हाका मारणार. राउटरला लॅनच्या वायरनं जोडा. मोबाईल वायफायवर असणारच आहे, लॅपटॉपही वायफायवर ठेवलात तर तीच हवा दोघांत वाटली जाते.

वीज गेली तर लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू राहतो, हा मोठा फायदा. राउटरला मात्र छोटा यूपीएस लावावा लागेल. खर्चाचं म्हणाल तर लॅपटॉप सरासरी १५ वॉट खात असेल तर चोवीस तास चालू ठेवून महिन्याला ११ युनिटच्या आसपास होतात.

जागा मात्र विचार करून निवडा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४३-४४ वर जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर ठेवलेला लॅपटॉप तिथं भाजून निघतो, आणि कायम चार्जिंगला लावलेली बॅटरी उष्णतेनं फुगते. टचपॅड वर उचलल्यासारखं दिसलं की लगेच बंद करून बॅटरी काढायला न्या. बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपात चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती पहिल्या दिवशीच लावा. आणि अशोक चौकाकडच्या मंडळींसाठी खास: घरात माग असतील तर सुताचे तंतू पंख्याच्या जाळीत जाऊन बसतात. बाहेरून दिसत नाही, आत गादी तयार झालेली असते. मागाच्या खोलीपासून लांब ठेवा आणि अधूनमधून ब्लोअर मारा.

आता सॉफ्टवेअर. लॅपटॉपवरचे व्हिडिओ घरभर पुरवायला मी जेलीफिन लावतो. २०१८ च्या डिसेंबरात एम्बी नावाच्या तसल्याच सॉफ्टवेअरपासून फुटून निघालेला हा प्रकल्प पूर्ण मोफत आहे, आणि घरातल्या घरात वापरायला कुठल्या कंपनीत खातं काढावं लागत नाही. याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर प्लेक्स दिसायला जास्त गुळगुळीत आहे, पण आपलेच व्हिडिओ घराबाहेरून बघायला त्यांनी एप्रिल २०२५ पासून पैसे लावले. आपल्याच मुंजीच्या व्हिडिओला भाडं कशाला द्यायचं? इन्स्टॉल करताना अ‍ॅडमिनचा पासवर्ड विचारतात, तो मोबाईल नंबर ठेवू नका.

लायब्ररी बनवताना प्रकार विचारतात, तिथं 'होम व्हिडिओज अँड फोटोज' निवडा. 'मूव्हीज' निवडलात तर जेलीफिन इंटरनेटवर जाऊन तुमच्या फाइलच्या नावाशी जुळणारा सिनेमा शोधत बसतं, आणि काकांच्या साखरपुड्यावर कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर येऊन चिकटतं. फोल्डरचं नाव आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग असं ठेवा: '२०११-०१ गड्डा, अक्षता सोहळा' (गड्डा म्हणजे आपली सिद्धेश्वराची यात्रा), '२००४-०५ अक्काचं लग्न'. मराठी नावं छान चालतात. फक्त वर्ष-महिन्याचे आकडे सगळीकडं एकाच लिपीत असू द्या, म्हणजे क्रम बिघडत नाही.

खरी मेख फायलींत आहे, इथं जरा सावकाश वाचा. व्हिडिओ अडकतोय म्हणून लोक इंटरनेटचा प्लॅन वाढवतात, आणि अडकायचं ते अडकतंच. कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. मोबाईलला फाइल जशी आहे तशी वाचता येत नसली की सर्व्हर ती चालवता चालवता दुसऱ्या रूपात बदलत बसतो. त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि जुना लॅपटॉप तिथंच धापा टाकतो. मिनीडीव्हीवरून उतरवलेली फाइल तासाला १३ जीबीच्या आसपास असते आणि मोबाईलला ती थेट चालत नाही. डीव्हीडीतल्या व्हीओबी फायलींची तीच गत.

हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. फॉरमॅट एमपी-४, व्हिडिओ एच-२६४, आवाज एएसी, क्वालिटी २० च्या आसपास, आणि 'वेब ऑप्टिमाइज्ड'वर टिक. फिल्टर्समध्ये डीइंटरलेस चालू करायला विसरू नका. जुने कॅमेरे सेकंदाला २५ पूर्ण चित्रं न घेता ५० अर्धी-अर्धी घ्यायचे, एकदा सम ओळी, एकदा विषम. जुन्या टीव्हीवर ते बेमालूम मिसळायचं; मोबाईलच्या पडद्यावर मात्र वरातीत कुणी हात हलवला की हाताला कंगव्याचे दात फुटल्यासारखे दिसतात. डीइंटरलेस केलं की ते जातं. आणि कृपा करून चित्र ताणून रुंद करू नका. जुनं शूटिंग चारास तीन या मापाचं आहे, बाजूला काळ्या पट्ट्या येतील तर येऊ द्या, नवरी जाड दिसण्यापेक्षा बरं. मूळ फायली पुसू नका, वेगळ्या हार्डडिस्कवर काढून कपाटात ठेवा. सर्व्हर हे बघायचं ठिकाण आहे, सांभाळायचं नव्हे.

आता मोबाईल हातात घ्या. प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरून जेलीफिनचं अ‍ॅप घाला. मोबाईल त्याच वायफायवर असेल तर अ‍ॅप बहुधा सर्व्हर आपणहून शोधतं. नाही सापडला तर पत्ता टाका: १९२.१६८.१.२५:८०९६ असा काहीतरी असतो (टाइप करताना आकडे इंग्रजीच). ८०९६ हे जेलीफिनचं नेहमीचं पोर्ट, म्हणजे लॅपटॉपवरच्या त्याच्या दाराचा नंबर. त्याच्या आधीचा पत्ता तुमच्या लॅपटॉपचा. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन हा पत्ता लॅपटॉपसाठी राखून ठेवा, त्याला अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात. ते केलं नाही तर एखाद्या दिवशी राउटर बंद-चालू झाला की पत्ता बदलतो आणि "काल चालत होतं की" सुरू होतं. पत्ता बरोबर असूनही सर्व्हर सापडत नसेल तर मोबाईल गेस्ट वायफायवर आहे का बघा. गेस्टवरच्या मोबाईलला घरातलं दुसरं यंत्र दिसूच नये अशीच ती रचना असते.

घरातल्या प्रत्येकाला वेगळा यूजर काढून द्या आणि फाइल डिलीट करायची परवानगी कुणालाच देऊ नका, विशेषतः नातवंडांना. आईला किंवा आजोबांना पासवर्ड टाइप करायला लावू नका, क्विक कनेक्ट वापरा. त्यांच्या मोबाईलवर लॉगिनच्या पानावर ते बटण दाबलं की सहा आकडी कोड येतो. तुम्ही मोबाईलवर किंवा ब्राउझरमध्ये त्यांच्या यूजरनं आधी लॉगिन करून ठेवा, तिथं प्रोफाइलमध्ये क्विक कनेक्टवर जाऊन तो कोड टाका. त्यांचा मोबाईल आपोआप आत. एवढंच.

व्हिडिओ चालू असताना सर्व्हरच्या डॅशबोर्डवर एकदा नजर टाका. कोणता मोबाईल काय बघतोय ते तिथं दिसतं आणि खाली लिहिलेलं असतं, 'डायरेक्ट प्लेइंग' की 'ट्रान्सकोडिंग'. डायरेक्ट असेल तर सर्व्हरचं काम नुसतं फाइल उचलून देण्याचं. ट्रान्सकोडिंग असेल तर कारणही तिथंच मिळतं: व्हिडिओचा कोडेक (म्हणजे तो दाबून साठवायची पद्धत), आवाजाचा, की डीव्हीडीतून आलेली चित्ररूप सबटायटल्स. डायरेक्ट असूनही अडकत असेल तर दोष वायफायचा धरा. शुक्रवार पेठेकडच्या जुन्या घरांतल्या दगडी भिंती ५ गीगाहर्ट्झचं वायफाय सहज अडवतात. लांबच्या खोलीत २.४ गीगाहर्ट्झ कमी वेगाचं असलं तरी पोचतं. हँडब्रेकमधून काढलेल्या त्या फायलींना तेवढा वेग पुरतो.

एवढा खटाटोप नको, फक्त दोन-चार व्हिडिओ बघायचेत, असं असेल तर जेलीफिनसुद्धा राहू द्या. विंडोजवर फोल्डर शेअर करा, मोबाईलवर व्हीएलसी घाला आणि ब्राउजमध्ये जाऊन लोकल नेटवर्कवर तो फोल्डर उघडा. व्हीएलसी जवळपास काहीही चालवतं, जुनी एव्हीआय फाइलसुद्धा. पोस्टर नाही, कुणी कुठपर्यंत बघितलं याची सगळ्या मोबाईलवर मिळून नोंद नाही, पण काम होतं.

पुण्याला शिकायला गेलेल्या पोराला बघायचं असेल तर? इथं बरेचजण राउटरमध्ये पोर्ट उघडायला सांगतात. मी सांगत नाही. एक तर तुमच्या घराचं दार सगळ्या जगाला दिसतं. दुसरं, बऱ्याच ठिकाणी ते चालतच नाही, कारण इंटरनेटची कंपनी एकच पत्ता अनेक घरांत वाटून देते. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटच्या बाजूनं राउटरला मिळालेला पत्ता, बघा: १०० नं सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल तर तुम्ही त्या वाटपात आहात, पोर्ट उघडून काही उपयोग नाही.

त्यापेक्षा टेलस्केल घाला. वायरगार्ड या तंत्रावर चालणारं हे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून काढलेली खाजगी वाट, घरगुती वापराला मोफत मिळतं. लॅपटॉपवर आणि मोबाईलवर एकाच खात्यानं लॉगिन केलं की लॉगिन केलेली यंत्रं जगात कुठंही असली तरी एकाच घरात असल्यासारखी वागतात. लॅपटॉपला १०० नं सुरू होणारा एक पत्ता मिळतो (वरच्या वॅन आयपीशी घोळ घालू नका), तोच जेलीफिनच्या अ‍ॅपमध्ये घाला, पुढं तेच ८०९६. मोबाईलवर ऑफिसचं दुसरं व्हीपीएन असेल तर एका वेळी एकच चालतं. बाहेरून बघताना तुमच्या घरच्या कनेक्शनचा अपलोड वेग महत्त्वाचा, डाउनलोड नव्हे. प्लॅन घेताना तो वेगळा विचारून घ्या. अडकलं तर प्लेअरमध्ये क्वालिटी ३ एमबीपीएसच्या आसपास आणा. त्यानं ट्रान्सकोडिंग लागतं, पण एका पोरासाठी लॅपटॉप तेवढं सोसतो.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री मुंबईला निघायचं असेल तर नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. अँड्रॉइडच्या अ‍ॅपमध्ये व्हिडिओवर डाउनलोडचं बटण असतं, दिसत नसेल तर सर्व्हरवर त्या यूजरला परवानगी द्या. सर्व्हरवर आहे तीच फाइल उतरते, म्हणून मोबाईलमध्ये जागा किती आहे ते आधी बघा.

मोबाईल विकला किंवा हरवला तर डॅशबोर्डमधल्या डिव्हायसेसमधून तो काढून टाका, टेलस्केलच्या यादीतूनही काढा. दोन्हीकडून.