तयार मांस-टेरीनचे लेबल कसे वाचावे

बारीक केलेले मांस, चरबी आणि बहुधा यकृत साच्यात दाबून मंद आचेवर शिजवायचे आणि गार झाल्यावर काप करून खायचे, असा टेरीन हा मूळचा फ्रेंच पदार्थ आहे. तयार टेरीन घेताना नजर आधी ई-क्रमांकांवर, म्हणजे युरोपात खाद्यपदार्थांतल्या मिश्रकांना दिलेल्या क्रमांकांवर जाते. अ‍ॅलर्जी असलेल्याने मात्र आधी यादीतली साधी, ओळखीची नावे शोधावीत, कारण त्याला धोका बहुधा तिथेच असतो.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. मांस, चरबी आणि यकृत यांच्यामागोमाग अनेकदा अंडे आणि दूध येते, कारण मिश्रण धरून ठेवण्याचे काम तेच करतात. दूध ‘दुग्धप्रथिने’ किंवा ‘लॅक्टोज’ या नावांनीही येते. गव्हाचे पीठ किंवा ब्रेडचा चुरा असल्यास ग्लूटेन आले. पिस्ते आणि हेझलनट, मसाल्यातली सेलेरी व मोहरी, सोयाप्रथिने आणि वाइनमधून येणारे सल्फाइट हे टिकवणारे रसायन, हेही पाहावे. युरोपीय संघाच्या 1169/2011 या नियमानुसार 14 अ‍ॅलर्जीकारक घटक यादीत उठून दिसतील असे छापावे लागतात. सल्फाइटचा उल्लेख किलोमागे 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असल्यास सक्तीचा आहे. ‘अंश असू शकतात’ ही सूचना मात्र ऐच्छिक असल्याने ती नसणे म्हणजे हमी नव्हे.

आता क्रमांक. ई 250 म्हणजे सोडियम नायट्राइट. ते गुलाबी रंग टिकवते आणि बोट्युलिझम या गंभीर अन्नविषबाधेच्या जिवाणूंना वाढू देत नाही. त्यातून नायट्रोसामाइन ही कर्करोगाशी जोडली जाणारी संयुगे तयार होऊ शकतात, म्हणून सोबत ई 300 (क जीवनसत्त्व) किंवा ई 301 (त्याचा सोडियम क्षार) घालतात, ज्यांमुळे ही प्रक्रिया कमी होते. ‘नायट्राइट न घातलेले’ असे लिहिलेले दिसले, तर यादीत भाजीचा अर्क आहे का ते तपासावे: सेलेरीच्या अर्कात नायट्रेट भरपूर असते, त्याचे नायट्राइट होऊ शकते आणि सेलेरी स्वतःच अ‍ॅलर्जीकारक आहे. ई 450 (डायफॉस्फेट) पाणी धरून ठेवते, ई 407 (कॅरागीनन) आणि ई 415 (झँथन गम) पोत घट्ट करतात. हे घटक घातक नाहीत. पण पाणी यादीत वर असेल आणि जोडीला हेही असतील, तर मांसाचे शेकडा प्रमाण जरूर पाहावे. जिलेटिन कोणत्या प्राण्याचे आहे, हे लिहिलेले नसल्यास उत्पादकाला विचारावे.

सुटे टेरीन कापून घेताना अ‍ॅलर्जीकारकांची लेखी माहिती मागावी आणि सुरी व फळी स्वच्छ करूनच काप करायला सांगावे, कारण पिस्त्यांच्या टेरीनसाठी वापरलेली सुरीच पुढच्या टेरीनलाही लागू शकते.